पूर्ण तिकीट

बायकांना एसटीत अर्धं तिकीट सुरू झालं, त्याच आठवड्यात सांगली-सातारा गाडीत नकुशाबाईनं माझ्याशी भांडण काढलं. मी कंडक्टर, ती प्रवासी, आणि त्याच्याही आधी आम्ही भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. मशीनमधून अर्धं तिकीट फाडून मी तिच्या हातात दिलं, तर तिनं ते उलटसुलट बघून मला परत केलं.

"पुरं द्या, शौकतभाऊ."

"आवं, सरकारनं दिलीय सवलत. घ्या की गप."

"बाईमाणूस अर्धं कुठं दिसलं तुमाला? मी कमावती हाय. बाया-पुरुष सारखं म्हणून पोरास्नी शिकवायचं, आन गाडीत चढलं की अर्धं मागायचं व्हय?"

गाडी खच्चून भरलेली. मागून एक बाई म्हणाली, "मावशे, तुला नगं तर नगं, आमचं कशाला घालवतीस?" बाकीच्याही तिच्यावर उखडल्या. मी तर कावलोच होतो. शेवटी पूर्ण तिकीट फाडलं आणि तिच्या मांडीवर टाकलं. कराडला तपासणीस चढला आणि त्यानं मलाच धरलं, बाईला पूर्ण तिकीट का दिलं म्हणून. त्याला वाटलं मी तिला फसवलं. मी तोंड उघडायच्या आत ती उठून उभी राहिली आणि उंब्रजपर्यंत त्याला समजावत राहिली. उतरताना तो मला म्हणाला, "कंडक्टर, तुमचे हाल आहेत." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही अर्ध्या तासात सुटलात. मी हिच्या शेजारी राहतो."

माधवनगरात गिरण्या चालू होत्या तेव्हाच्या चाळीत आमच्या खोल्या. पलीकडच्या खोलीत नकुशाबाई आणि तिची एकुलती मुलगी, हवी. बाई शाळेत खिचडी शिजवायची. उंच, काळीसावळी, दोन्ही हातांत एकेक काचेची बांगडी, आणि चालताना पुढं झुकलेली. मूळची जत भागातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातली, आईबापाची चौथी मुलगी. मुलगा पाहिजे असताना मुलगीच झाली की तिचं नाव नकुशी किंवा नकुशा ठेवायचं, म्हणजे नको असलेली, अशी आमच्याकडं रीत होती. त्यानं पुढचा मुलगा होतो म्हणे. मध्यंतरी सरकारी माणसं गावोगाव फिरून असल्या मुलींची नावं बदलत होती. मी तिला म्हटलं, तुमीबी बदलून घ्या.

"नाव बदललं की ठिवणारा सुटला," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. हाक मारताना लोकास्नी जरा लाज वाटू द्या."

आणि खरंच वाटायची. माझी बायको जुबेदा तिला आयुष्यभर नुसतं 'बाई' म्हणाली, नाव काही तिच्या तोंडातून निघालं नाही.

मुलीचं नाव शाळेत घालायला गेली तेव्हा कारकुनानं रजिस्टरात 'रवी' लिहिलं. त्याला वाटलं बाईचा उच्चार चुकतोय. ती म्हणाली, "रवी न्हाई. हवी. पायजे ती." कारकून म्हणाला, असं नाव नसतं. "नकुशी असतंय आन हवी नसतंय व्हय?" एवढंच तिनं विचारलं, आणि त्यानं रबरानं खोडून नाव दुरुस्त केलं.

हवी जन्मली तेव्हा मुलगी झाली म्हणून नवऱ्यानं अकराव्या दिवशी बाईला घराबाहेर काढलं होतं. बिरू त्याचं नाव. ओली बाळंतीण बाळाला घेऊन पाचगणीला गेली आणि तिथल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. तिथं एक म्हातारी इराणी बाई होती, बहाई धर्माची. तिनं हिला एक दिवस विचारलं, तुला मुलगा आणि मुलगी दोन्ही असती आणि एकालाच शिकवणं जमणार असतं, तर कुणाला शिकवलं असतंस? ही म्हणाली, पोराला. म्हातारी म्हणाली, आमच्यात मुलीला आधी. उद्या ती आई होणार, आणि पोराची पहिली शाळा आईच.

"शौकतभाऊ, मी खरकटी कढई तशीच ठिवली आन खाली बसले," बाई सांगायची. "पोरगी आधी, असं माणसाच्या तोंडातनं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

त्या एका वाक्यावर ती बहाई झाली, असं माझं मत. त्या धर्मातलं मला कळलं ते एवढंच, की त्यांच्यात पुजारी नाही, मौलवी नाही. गावातले नऊ जण निवडायचे, दर एकोणीस दिवसांनी जमायचं, सल्ला करायचा. मार्चमध्ये एकोणीस दिवस उपास, अगदी आमच्या रोज्यासारखे. गेल्या काही वर्षांत आमचा रमजान मार्चातच आला, तेव्हा जुबेदा आणि ती एकाच ओट्यावर बसून रोजा सोडायच्या. आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना तिचा धर्म पटत नव्हता, मलाही सगळा पटला असं नाही. पण खजूर एकाच ताटलीत असायचा.

रविवारी सकाळी ओट्यावर ती चाळीतल्या मुलांचा वर्ग घ्यायची. मुलांकडून भाकरी थापून घ्यायची आणि मुलींकडून सायकलचं पंक्चर काढून घ्यायची. तिथली भाकरी मी खाल्ली आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. पंक्चर मात्र पोरी झकास काढायच्या.

नळावर भांडण लागलं की ही मधे जाऊन पाटावर बसायची. "शब्द मधी ठेवा," म्हणायची. ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यानं मधे ठेवायचं. एकदा ठेवलं की ते त्याचं उरत नाही, सगळ्यांचं होतं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याच्याकडं बघायचं. मनात ठेवायचं नाही, कारण लपवलेला शब्द कुजतो, असं तिचं ठाम म्हणणं. तोवर नळाचं पाणी जायचं. मी चिडायचो, पण गेल्या कितीतरी वर्षांत आमच्या नळावर कुणाचं डोकं फुटलं नाही, हेही खरं.

चाळीतल्या सुमनवहिनींचा मुलगा फौजेत निघाला तेव्हा सगळ्यांनी हार घातले. बाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुकरूप ये, बाबा. आन समोरच्यालाबी आई असती, येवढं ध्यानात ठेव." वहिनींनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला आणि त्याचा फोन लागेना. आम्ही बाप्ये टीव्हीसमोर बसून आता कशी जिरवली म्हणत होतो. बाई तीन दिवस वहिनींच्या खोलीत होती. टीव्ही बंद करून ठेवला, चूल सांभाळली, वहिनींना दोन घास भरवले. पोराचा फोन आला तेव्हा वहिनी तिच्या गळ्यात पडून रडल्या. "लढाई करायची का न्हाई ते दोनीकडच्या आयांस्नी इचारायला पायजे," ती मला म्हणाली. "कुणी इचारीत न्हाई."

दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या ह्या बाईचं स्वतःचं एकच भांडण मिटायचं राहिलं होतं, आणि त्यानंच तिला खाल्लं.

हवी शिकली, मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स झाली. तिथं एक्स-रे काढणारा संदेश म्हणून मुलगा होता, कमी बोलणारा, सरळ. दोघांचं जमलं. मला वाटलं, चला, बाईचे पांग फिटले. तेव्हा मला त्यांच्यातला तो नियम कळला. मुलामुलीनं एकमेकांना पसंत करायचं, आणि मग दोघांच्या हयात असलेल्या आईबापांनी, चौघांनी, मनापासून हो म्हणायचं. त्याशिवाय लग्न नाही. घरं जोडली जावीत म्हणून हा नियम. संदेशच्या आईवडिलांनी होकाराच्या कागदावर सही केली, नकुशाबाईनं केली. चौथी सही बिरूची.

बिरू कोरेगावात होता. दुसरी बायको, दोन मुलगे, मेंढरांचा व्यापार.

"मयत लिवा आन मोकळं व्हा," मी म्हटलं.

"जित्या माणसाला मारू?"

"मग बेपत्ता लिवा."

"पत्ता ठावं हाय मला."

मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, "ज्यानं तुमाला घालवलं त्याच्या दारात सहीसाठी जाणार? ह्यो कसला तुमचा बाया-पुरुष सारखा धर्म?"

ती तांदूळ निवडत होती. निवडून झाले तेव्हा म्हणाली, "माझ्या सहीबिगरबी लगीन व्हत न्हाई, शौकतभाऊ. माझ्या आईला पोरींच्या लग्नात कवा कुणी इचारलं हुतं? मला इचारावं असं वाटतंय, तर त्यालाबी इचाराय लागंल."

एक गोष्ट इथंच सांगतो. बापानं आईला का घालवलं, हे हवीला ठाऊक नव्हतं. बाईनं तिला एवढंच सांगितलं होतं की आमचं जमलं नाही. बापाला भेटायला हवी स्वतः निघाली होती, पण "आदी मी बोलते" म्हणून बाईनं तिला थांबवलं.

मग रविवारचा वर्ग सुमनवहिनींवर सोपवून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या गाडीनं सातारा, तिथून दुसऱ्या गाडीनं कोरेगाव. पिशवीत हवीची गुणपत्रिका आणि नर्सच्या कपड्यातला फोटो. पहिल्या खेपेला बिरू म्हणाला, "कंची पोरगी?" आणि मेंढरांकडं निघून गेला. पुढच्या दोन खेपांना भेटलाच नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि सांगितलं, "आवं बाई, नगा येऊ. त्यो ऐकायचा न्हाई." बाई परत गाडीत बसायची, पूर्ण तिकीट काढायची आणि म्हणायची, "पुढच्या टायमाला हो म्हणंल."

सातव्या खेपेला मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. शहाणपणा करायला गेलो. त्यांच्या सभेतल्या नऊ जणांनी तिला सांगितलं होतं, की बापानं मुलीला लेखी नाकारलं तर त्याच्या होकाराशिवाय लग्नाला मोकळीक देता येईल. हे मी डोक्यात पक्कं धरून होतो.

बिरू दारात एका मेंढीचे दात बघत होता. बाईनं फोटो त्याच्यासमोर धरला. त्यानं बघितलं नाही.

"मला पोरगी न्हाई," तो म्हणाला. "दोन ल्योक हायत."

"ल्योक असू द्या की," ती म्हणाली. "हिलाबी येकदा बगा. नाक तुमचंच हाय."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

माझं तोंड सुटलं. "पोरगी न्हाई म्हणतोस ना गड्या? मग तसं लिहून दे. हाय का हिंमत?"

बाईनं माझ्याकडं बघितलं, पण तोवर तो उठला होता. आतून वही आणली, पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. ही मुलगी माझी नाही. ती मला नको होती, आजही नको. तिने कुणाशीही लग्न करावे. खाली सही केली, वर अंगठाही उठवला. मी मनात म्हटलं, शौकत, फत्ते.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खुशीत दोन वडापाव घेऊन आलो. तिनं हात लावला नाही. कागद मुठीत तसाच.

"झालं की काम," मी म्हटलं. "हवीला द्या, ती सभेला दील. महिन्यात लगीन."

"तिनं द्यायचा म्हंजे तिला वाचाय लागंल."

"वाचंना का. शब्दानं माणूस मरत न्हाई."

"मरत न्हाई. जगतंय," ती म्हणाली. "कसं जगतंय ते मला इचारा. समदं जग मला रोज त्याच शब्दानं हाक मारतंय. त्यो शब्द मी पोरीच्या अंगाला लागू दिला न्हाई, शौकतभाऊ. दुधाबरुबर दिला न्हाई, आन आता लग्नात देऊ?"

घरी आल्यावर तिनं तो कागद माझ्या हातात ठेवला. "माझ्या खोलीत नगं. पोरगी कवातरी वाचंल." मी तो माझ्या जुन्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. हवीनं विचारलं, मीच जाते म्हणाली, की बाई तिला अडवून म्हणायची, "अजून हो म्हणाला न्हाई." खोटं ती तेव्हाही बोलली नाही, शब्द न शब्द खरा होता. सभेतल्या लोकांनीही कागदाचं विचारलं असेल, त्यांनाही हेच सांगितलं असणार.

मला राहवेना. एक दिवस मी तिचंच तिला ऐकवलं. "शब्द मधी ठेवायचा ना, बाई? लपवलेला शब्द कुजतो ना?"

"व्हय," ती म्हणाली. "कुजतोय. माझ्यात कुजू द्या."

संदेशनं दीड वर्ष वाट बघितली. हवीही आईच्याच हाडाची, नियम मोडून लग्न करायला तयार नव्हती. पोराचे आईवडील थकले, आणि त्याचं दुसरीकडं लग्न झालं. त्या संध्याकाळी हवीचा आवाज भिंतीतून आमच्या खोलीत येत होता. "जगाला शांती शिकवतीस आन घरात माझं वाटुळं केलंस. बापाच्या येका सहीपायी." बाईचा आवाज आला नाही, एकदाही नाही. मी पेटी उघडून कागद हातात घेतला होता, दारापर्यंत गेलो होतो. जुबेदानं माझं मनगट धरलं. म्हणाली, "त्यांनी तुमच्याकडं ठिवायला दिलाय, वाटायला न्हाई." मी परत बसलो. बसायला नको होतं, असं मला निम्म्या वेळा वाटतं.

हवी पुण्याला निघून गेली. फोन महिन्यातून एखादा, तोही जुबेदाच्या फोनवर. बाईच्या कोरेगावच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. मी निवृत्त झालो तरी स्टँडवर सोडायला जायचो. म्हटलं, "लगीन तर मोडलं. आता कशाला?"

"लग्नासाठी न्हाई," ती म्हणाली. "बापानं येकदा हवी म्हणावं. येकदाच. मग मी तिला सांगीन की तुज्या बापानं तुझं नाव घेतलं."

पुढं तिला पोटाचं दुखणं लागलं. बाई वाळत गेली. गेल्या थंडीत दवाखान्यात गेली ती परत आली नाही. हवी पोचली तेव्हा बाई बोलण्यापलीकडं होती. त्यांच्यात पुरतात, आणि गेलेल्या माणसाला तासाभराच्या वाटेपलीकडं नेत नाहीत. सांगलीतच माती दिली. शाळेतली पोरं आली होती, सुमनवहिनी आल्या होत्या. कोरेगावला मी निरोप धाडला होता, तिकडून कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवी आमच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे कोरडे. नाक खरंच बिरूचं.

"काका, आई शेवटपर्यंत कोरेगावला कशाला जात हुती? त्यानं कवा काय लिहून दिलं हुतं का?"

पेटी माझ्यापासून चार पावलांवर होती. आयुष्यभर मी बाईला सांगत आलो होतो, लिवा मयत, लिवा बेपत्ता, एका खोट्यानं काय होतंय. आता माझी पाळी आली.

"न्हाई," मी म्हटलं.

"म्हंजे ती उगीच जात हुती," हवी म्हणाली. "आन माझं लगीन उगीच मोडलं."

ती पुण्याला गेली. कागद अजून पेटीत आहे. फाडावा म्हणतो तर तो माझा नाही, आणि द्यावा म्हणतो तर बाईचे ते कराडच्या स्टँडवरचे डोळे आठवतात. पण पोरगी आईवर राग धरून जगतेय, हेही मला बघवत नाही. बाई चुकली, असं मी जुबेदाला शंभरदा म्हणतो. जुबेदा विचारते, मग देताय का कागद? आणि मी चहा मागतो.

बाईला गाडीत शेवटची बघितली ती दवाखान्याच्या आधी दोन महिने. तिला पायरी चढवेना म्हणून मी तिच्याबरोबर कोरेगावला गेलो होतो. बिरूचं दार आतून बंद. आतून त्याचाच आवाज आला, "घरात कुणी न्हाई म्हणून सांगा." बाईनं दाराशीच पिशवीतला फोटो काढून पदरानं पुसला आणि परत ठेवला. साताऱ्याहून सांगलीची गाडी मिळाली. कंडक्टर नवा पोरगा, तिला ओळखत नव्हता. त्यानं मशीन दाबलं आणि अर्धं तिकीट तिच्या हातावर ठेवलं.

मी सावरून बसलो. आता भांडण होणार, आणि ह्या खेपेला मी तिच्या बाजूनं बोलणार होतो. तिनं तिकिटाकडं बघितलं. घडी घालून पिशवीत फोटोच्या शेजारी ठेवलं आणि खिडकीकडं तोंड केलं. उंब्रज गेलं, कराडही मागं पडलं, तरी ती काही बोलली नाही.